केळीत नाही तो हळदीत आहे

गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत गेलात, तर केळीचे खांब, केळीची पाने, मोदकाखाली घालायची हळदीची पाने आणि आले असे सगळे एका फेरीत मिळते. वेलदोडे घरात असतातच, आणि जाता-येता दुभाजकावर लाल-पिवळी कर्दळ फुललेली दिसते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सगळी मंडळी एकाच गणातली. झिंजिबरेलीस, म्हणजे आल्याचा गण. त्यात आठ कुले आणि साधारण अडीच हजार जाती आहेत. निम्म्याहून जास्त जाती एकट्या आल्याच्या कुलात येतात.

पानांवरून हे नाते बऱ्यापैकी लक्षात येते. नवे पान सुरळी होऊन बाहेर पडते, मधल्या जाड शिरेपासून कडेपर्यंत समांतर शिरा जातात, आणि म्हणूनच वाऱ्याने केळीचे पान फाटते ते शिरांच्या रेषेत फाटते. पण खरी गंमत फुलात आहे.

लिलीच्या फुलात सहा पुंकेसर (पराग तयार करणारे अवयव) असतात, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. एकबीजपत्री वनस्पतींची ही नेहमीची रचना. आल्याच्या गणात मात्र केळीला पाच, हळदीला एक आणि कर्दळीला अर्धाच पुंकेसर.

अर्धा कसा, ते बघायला कर्दळीचे ताजे फूल घ्या (दुभाजकावरचे नको, माळी ओरडेल). बुडाशी तीन छोटी संदले, म्हणजे पाकळ्यांबाहेरची पाने, दिसतील. त्यांच्या आत तीन अरुंद, टोकदार पट्ट्या असतात, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. खऱ्या पाकळ्या त्याच! आपण पाकळ्या म्हणून कौतुक करतो तो रंगीत पसारा पुंकेसरांचा आहे. पराग तयार करायचे काम सोडून ते पाकळीसारखे पसरले आहेत. त्यांतल्या एकाच्या कडेला बारीकसा परागकोश चिकटलेला दिसेल. त्यालाही दोनाऐवजी एकच कप्पा, दुसऱ्या बाजूची पाकळी झालेली. शेजारी एक चपटी पट्टी उभी असते, तो कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा. फूल उमलायच्या आतच परागकोश आपले पराग या पट्टीवर थापून मोकळा होतो. फुलावर येणारा कीटक किंवा पक्षी पराग नेतो तो तिथून.

आल्याच्याच कुलातल्या सोनटक्क्यातही तसेच. त्याची मोठी पांढरी जीभ दोन पुंकेसर जुळून झालेली आहे. एकच कामाचा पुंकेसर उरलेला, आणि त्याच्या परागकोशाच्या दोन भागांमधून दोऱ्याएवढा बारीक कुक्षिवृंत वर जातो.

पाच, मग एक, मग अर्धा, अशी उतरती शिडी लावायचा मोह होतो. ही शिडी फसवी आहे, आणि ते केळफुलात दिसते. भाजीसाठी केळफूल निवडताना प्रत्येक फुलातली कडक काडी आणि पातळ, पारदर्शक पापुद्रा काढून टाकतात. काडी म्हणजे कुक्षिवृंत. पापुद्रा ही एकमेव सुटी पाकळी, कारण बाकीची पाच दले (संदले आणि पाकळ्या) जुळून त्यांची नळी झालेली असते. केळीतला सहावा पुंकेसर या पापुद्र्यासमोर असायला हवा होता, पण ती जागा रिकामी असते. आणि हळदीच्या फुलात जो एकुलता एक पुंकेसर उरला आहे, तो बरोबर याच जागेवरचा! केळीच्या पाचांतले चार वजा करून हळद मिळत नाही. दोघींचे मूळ सहा पुंकेसरांच्या पूर्वजात शोधावे लागते. बागांमध्ये पंख्यासारखा पसरलेला ट्रॅव्हलर्स पाम याच गणातला, त्याच्या फुलात अजून सहाही पुंकेसर शाबूत आहेत.

लिनीयसने १७५३ मध्ये पुंकेसर मोजून वर्ग पाडले. त्यात आले, हळद आणि कर्दळ ‘एक पुंकेसर’वाल्या वर्गात गेली आणि केळी पार दुसऱ्या टोकाला. पुढे बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी सगळ्यांना एकाच कुलात आणले. वर्गीकरण करणाऱ्यांची आणखी एक अडचण म्हणजे ही फुले फार नाजूक असतात. कागदात दाबून वाळवली की त्यांचा लगदा होतो, आणि मग त्यांतले पुंकेसर ओळखणे अवघड.

डीएनए आल्यावर चित्र बरेच स्पष्ट झाले. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे जॉन क्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये फुलांची रचना आणि डीएनए यांचा एकत्र ताळा मांडला. आले, पेव, कर्दळ आणि आरारूट यांची चार कुले एकाच फांदीवर पक्की बसली. केळी, हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅराडाइज वगैरे उरलेल्या चार कुलांत आधी वेगळे कोण झाले, हे ठरवणे जास्त अवघड गेले. ती फार थोड्या काळात एकापाठोपाठ फुटली असावीत, आणि अशा घाईच्या खुणा डीएनएमध्ये कमी राहतात. गणाबाहेरचा सर्वांत जवळचा नातेवाईक निघाला तो केना या रानटी तणाचा गण. त्यातच मुळा नदी आणि पाषाण तलाव व्यापणारी जलपर्णीही येते. पूजेतल्या केळीची ही चुलत बहीण पुणेकरांना फारशी रुचणार नाही.

या गणाच्या सर्वांत जुन्या जीवाश्मांत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या बिया मोडतात. त्या आठ कोटी वर्षांहून जुन्या, म्हणजे डायनोसॉर असतानाच्या आहेत. मला जास्त नवल वाटते ते ओरेगॉनमधल्या बियांचे. वय सुमारे ४.३ कोटी वर्षे, आणि प्रजाती एन्सेट. आज ही प्रजाती रानात फक्त आफ्रिका आणि आशियात उरली आहे. तिचीच एक जाती, चवेणी, आपल्या सह्याद्रीत आहे. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात कड्यांवरून रानकेळीची जाड बुंध्याची झाडे डोकावतात, ती हीच. तिला केळीसारखे फुटवे येत नाहीत. एकदा फळली की ती मरते, आणि पुढची पिढी टणक काळ्या बियांतूनच उगवते. तशाच टणक बिया ओरेगॉनच्या खडकात टिकून राहिल्या.