सायबर गुन्हेगारीविषयक संशोधन

संगणक आणि इंटरनेट यांच्या आधारे होणारे गुन्हे, ते करणाऱ्यांचे व्यवहार, त्यांना बळी पडणाऱ्यांचे वर्तन आणि त्यांना आळा घालण्याचे तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर उपाय यांचा विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत होणारा पद्धतशीर अभ्यास. संगणकसुरक्षा ही मुळात संगणकशास्त्राची शाखा आहे, तर गुन्ह्याचा अभ्यास हा गुन्हेशास्त्राचा प्रांत. हे क्षेत्र या दोहोंच्या सीमेवर वाढले असून अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि विधी यांचाही त्यात मोठा वाटा आहे. गुन्हेगार आपले हिशेब प्रसिद्ध करीत नाहीत, ठकवलेल्या संस्था बोलायला तयार नसतात आणि सुरक्षेची साधने विकणाऱ्यांना धोका मोठा दाखवण्यात रस असतो. त्यामुळे ‘हा आकडा आला कुठून?’ हा या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि आजही सर्वांत अवघड प्रश्न आहे.

संगणकी विषाणूंचा शास्त्रीय अभ्यास फ्रेड कोहेन यांनी १९८३-८४ मध्ये सुरू केला. कोणताही विषाणू हमखास ओळखणारा प्रोग्रॅम तत्त्वतः लिहिताच येत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे आपोआप एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, इंटरनेटवरील असंख्य यंत्रे ठप्प केली. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आणीबाणीसाठी पहिले समन्वय केंद्र स्थापन झाले. या घटनेत ६,००० यंत्रे बाधित झाल्याचे आजही सर्वत्र लिहिले जाते. वास्तविक तो आकडा कोणी मोजलेला नव्हता. इंटरनेटवर सुमारे ६०,००० यंत्रे असावीत आणि त्यांतील दहा टक्के बाधित झाली असावीत, असा तो नुसता अदमास होता.

दोष सिद्धान्तात नसून व्यवहारात असतो, हे प्रथम ठसठशीतपणे दाखवले ते केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी. बँकांच्या एटीएम यंत्रांतून होणाऱ्या अफरातफरीचा त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. गूढलेखनाचे (माहिती सांकेतिक रूपात दडवण्याच्या पद्धतीचे) गणित कोणी फोडल्याची उदाहरणे त्यात जवळजवळ नव्हतीच. होता तो गलथान कारभार. एका बनावटीच्या यंत्रात चाचणीसाठी अशी सोय ठेवलेली होती की विशिष्ट चौदा अंक दाबताच दहा नोटा बाहेर येत. एका बँकेने ते अंक शाखांना वाटलेल्या माहितीपुस्तिकेत चक्क छापले, आणि तीन वर्षांनी यंत्रांतून पैसे नाहीसे होऊ लागले. नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत असेल, तर बँक सुरक्षेकडे लक्ष देत नाही, हे निरीक्षण पुढे अँडरसन यांनी २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडले. २००२ पासून सुरक्षेच्या अर्थशास्त्रावर स्वतंत्र वार्षिक परिषद भरू लागली.

गुन्हेगारांच्या बाजूने पाहण्याचे धाडस २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो व बर्कली येथील संशोधकांनी केले. ‘स्टॉर्म’ नावाच्या बॉटनेटमध्ये, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्यात, शिरून त्यांनी तेथून जाणाऱ्या काही स्पॅम पत्रांतील, म्हणजे न मागता सरसकट पाठवलेल्या जाहिराती ई-पत्रांतील, दुवे बदलले आणि ते स्वतः उभारलेल्या नकली औषधदुकानाकडे वळवले. ग्राहक पैसे भरण्याच्या टप्प्यावर आला की पान उघडत नसे, म्हणजे कोणाचा पैसाही जात नसे आणि कार्डाचा क्रमांकही नोंदला जात नसे. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी पत्रे गेली आणि खरेदीपर्यंत पोहोचले अवघे २८ जण. सव्वा कोटी पत्रांमागे साधारण एक गिऱ्हाईक. एक अपवाद वगळता सर्वांना पुरुषत्ववर्धक औषधे हवी होती, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही. याच संशोधकांच्या वर्तुळातून २०११ मध्ये अधिक उपयोगी निष्कर्ष आला. स्पॅममधून जाहिरात होणारा माल त्यांनी प्रत्यक्ष मागवून पाहिला, तेव्हा अशा औषधांच्या, बनावट चैनीच्या वस्तूंच्या आणि सॉफ्टवेअरच्या ९५ टक्के विक्रीचे पैसे मोजक्याच बँकांमार्फत वसूल होत असल्याचे दिसले. संकेतस्थळ बंद पाडले तर दुसरे उभे राहते, बँकेचे खाते मात्र सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे प्रहार कोठे करावा, याचे उत्तर या अभ्यासातून मिळाले.

मोजणीतील चुकीचे उत्तम उदाहरण ‘टॉरपिग’ या बॉटनेटचे आहे. बाधित यंत्रे पुढे कोणत्या संकेतनामाशी (इंटरनेटवरील नावाशी) संपर्क साधणार हे आधी हेरून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी ती नावे स्वतःच नोंदवली आणि २००९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दहा दिवस ते जाळे ताब्यात ठेवले. आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर यंत्राला मिळणारे क्रमांक, मोजले, तर ते बारा लाखांहून अधिक भरले; प्रत्यक्ष यंत्रे होती सुमारे १ लाख ८० हजार. एकाच यंत्राला दिवसागणिक नवा पत्ता मिळतो, एवढेच त्याचे कारण होते.

नुकसानीचा अंदाज बांधणाऱ्या सर्वेक्षणांची गतही फार निराळी नाही. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक दिनेई फ्लोरेन्सियो आणि कॉर्मॅक हर्ली यांनी २०११ मध्ये दाखवले की, २० कोटी प्रौढांच्या देशात हजार जणांना विचारले आणि त्यांतील एकाने ५० हजार डॉलर गमावल्याचे सांगितले, तर तेवढ्या एका उत्तरातून देशाचे नुकसान १,००० कोटी डॉलर निघते. तो मनुष्य खरे बोलला की नाही, हे कोणी तपासत नाही. नुकसान शून्याखाली जात नसल्याने अशी चूक फुगण्याच्याच दिशेने होते. अँडरसन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चोरीची रक्कम आणि बचावाचा खर्च वेगळे मांडले. २०१० मध्ये जगातील एक तृतीयांश स्पॅम पाठवणाऱ्या बॉटनेटच्या मालकांना सुमारे २७ लाख डॉलर मिळाले, तर जगभरात स्पॅम रोखण्यावरचा खर्च बहुधा १०० कोटी डॉलरांच्या वर गेला.

अलीकडच्या संशोधनात गुन्हेगाराची अलौकिक बुद्धीचा हॅकर ही प्रतिमाही मागे पडली आहे. संकेतस्थळे ठप्प पाडणारे हल्ले भाड्याने पुरवणाऱ्या सेवा चालवणाऱ्यांचे बरेचसे काम सर्व्हर चालू ठेवणे आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांना उत्तरे देणे असे कंटाळवाणे असते, आणि अनेक जण त्या कंटाळ्यानेच हा धंदा सोडतात, असे केंब्रिजच्या गटाने २०२० मध्ये दाखवले.

संशोधनाच्या नैतिक मर्यादा तुलनेने उशिरा आखल्या गेल्या. वैद्यकीय प्रयोगांसाठी केलेली तत्त्वे संगणकाच्या क्षेत्राला लागू करणारा मेन्लो अहवाल अमेरिकेत २०१२ मध्ये आला. तरीही २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्स या सर्वांसाठी खुल्या संगणकप्रणालीच्या गाभ्यासाठी, त्याची देखभाल करणाऱ्यांना न सांगता, मुद्दाम सदोष बदल पाठवल्याचे प्रकरण गाजले. परिणामी त्या विद्यापीठाच्या सर्व योगदानांवर बंदी आली आणि शोधनिबंध मागे घ्यावा लागला. दुसरी अडचण सामग्रीची आहे. एका गटाने कष्टाने मिळवलेली माहिती दुसऱ्याला पडताळता येत नसे. म्हणून २०१५ मध्ये केंब्रिज येथे स्थापन झालेले सायबर गुन्हेगारी केंद्र आपल्याकडील नोंदी कायदेशीर करार करून इतर विद्यापीठांतील संशोधकांना देते.