दबलेलं पिल्लू आणि धीर धरणारं पिल्लू

जुळे सोलापुरात कुणाकडे कुत्र्याचं नवं पिल्लू बघायला गेलं की हा खेळ ठरलेला. मालक पेपराची गुंडाळी उचलतात, पिल्लू सोफ्याखाली सरकतं आणि आपल्याला ऐकवलं जातं, "बघा की, कसं शहाणं झालंय!" शहाणं कसलं, भेदरलंय ते.

धीर म्हणजे काय हे सांगायला नको. ताटावर बसून आमटीची वाट बघणारं पोर सगळ्यांनी पाहिलंय. घोळ होतो तो यामुळे की लांबून दोन्ही पिल्लं सारखीच दिसतात, गप्प आणि जागच्या जागी. जवळ जाऊन बघा. दबलेल्याचे कान मागे चपटे, शेपूट पोटाखाली, अंग आखडलेलं. झोप नसताना जांभया देतं, समोर खाणं नसताना ओठ चाटतं, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडांनी तुमच्याकडे बघतं तेव्हा बुबुळाशेजारचं पांढरं दिसतं. धीर धरणाऱ्याचं अंग सैल असतं, नजर थेट तुमच्या तोंडाकडे आणि शेपूट फरशी झाडत असते.

"चूक केली की त्याला कळतंय, तोंड पाडतंय," हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर हेच तपासलं. तो अपराधी चेहरा चुकीमुळे येत नव्हता, मालक रागावला की येत होता. काहीच न केलेल्या कुत्र्याचाही! सकाळी चादरीवर केलेल्या शूबद्दल दुपारी रट्टा दिलात, तर त्याला एवढंच कळतं की या हाताचा नेम नाही.

धीर शिकवायला जेवणाचं भांडं पुरतं. उडी मारली, भांडं वर. बूड टेकलं, भांडं खाली. ओरडायचं नाही. पहिल्या दिवशी एक सेकंद थांबलं तरी पुष्कळ, मग दोन, मग पाच. 'बस' म्हणायचं की 'सिट', यावर वाद नको. घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा, आजोबांचासुद्धा. बक्षीस म्हणून भाकरीचा कोरडा तुकडा चालतो, उकडलेलं चिकन त्याहून बरं. शेंगाचटणी मात्र बोटभरही नाही, तिच्यात लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

तुमचं पिल्लू कुठलं, ते बघायचंय? त्याच्याजवळ बसून सहज स्वतःचं डोकं खाजवा. हात वर जाताच त्याने मान आत घेऊन डोळे मिटले, तर ती गुंडाळी आजच रद्दीत घाला.