उणे ४८: मिशिगनच्या थोराड लाइनची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे चढाईत समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या पाच जणांच्या फळीवर, वाद सुरू झाला की दोन आकडे निघतातच. एक ३००, म्हणजे लाइनमनचं पौंडांतलं वजन. दुसरा उणे ४८. हा दुसरा २ नोव्हेंबर २०१३ चा, ईस्ट लान्सिंगमधला: मिशिगन स्टेट या राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाविरुद्धच्या पूर्ण सामन्यात धावून मिळवलेले यार्ड. मिळवलेले कसले, घालवलेले. मिशिगनच्या इतिहासातला तो नीचांक. लाइन मोठी करायला घेऊन तिसरं वर्ष चालू होतं आणि हे पदरात पडलं, म्हणून चाहत्यांनी तेव्हा वजनकाट्यालाच शिव्या घातल्या. माझ्या मते काटा निर्दोष होता. दरवर्षी शाळांतून कोणकोणती मुलं घेतली, त्या भरतीच्या जुन्या याद्या काढून बसलं की घोळ दिसतो.

मागचं थोडक्यात. लाइनमनला चढाईतही खेळायचं आणि बचावातही, असं होतं तोवर त्याचं वजन आपोआप ताब्यात राही. दम लागला की संपलं. १९४१ मध्ये बदली खेळाडूंचे नियम सैलावले. ऑक्टोबर १९४५ मध्ये यांकी स्टेडियमवर बलाढ्य आर्मीसमोर, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघासमोर, मिशिगनच्या प्रशिक्षकाने चढाईची एक आणि बचावाची दुसरी अशा तुकड्याच वेगळ्या केल्या. मिशिगनने सामना २८-७ असा गमावला, पण युक्ती सगळ्यांनी उचलली. १९५३ मध्ये नियम पुन्हा आवळले गेले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर कायमचे सुटले. तिथून पुढे फक्त ढकलण्यासाठी माणूस वाढवणं परवडू लागलं.

तरी लगेच कोणी वाढवला नाही. अलाबामाच्या किरकोळ अंगाच्या, चपळ पोरांनी लागोपाठ दोन हंगामांच्या बोल सामन्यांत (हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यांत) नेब्रास्काच्या दांडग्या लाइनला नाचवलं होतं, आणि शहाणपण त्यांच्या बाजूचं मानलं जात होतं. नेब्रास्काने मग १९६९ मध्ये एका जायबंदी पोलव्हॉल्टरला वजनांच्या खोलीत संघाची ताकद वाढवायच्या कामावर ठेवलं. वजनं उचलली की खेळाडू जड आणि मंद होतो, ही तेव्हाची पक्की समजूत. १ जानेवारी १९७२ ला त्याच नेब्रास्काने अलाबामाला ३८-६ असं लोळवलं आणि देशभरातल्या विद्यापीठांनी लोखंड विकत घेतलं. शेवटचा टेकू नियमांनीच दिला. पूर्वी ब्लॉक करताना, म्हणजे समोरच्याला अडवताना, हात छातीशी आवळून ठेवावे लागत. व्यावसायिक लीगने १९७८ मध्ये पास ब्लॉकिंगला हात लांब करायला आणि पंजे उघडायला परवानगी दिली, विद्यापीठांचे नियमही तसेच ढिले झाले. लांब हातांच्या आडदांड माणसाचा भाव तेव्हा जो चढला तो उतरलेला नाही.

आता २००८. त्याच्या आदल्या हंगामात मिशिगनचा डावा टॅकल (लाइनच्या डाव्या कडेचा गडी) सहा फूट सात इंचांचा होता आणि २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, देशात पहिला उचलला गेला. हाच संघ १ सप्टेंबर २००७ ला घरच्या मैदानावर अ‍ॅपलाचियन स्टेटकडून ३४-३२ असा हरला होता, हेही विसरू नये. जाडजूड लाइनचा सुवर्णकाळ म्हणून जो सांगितला जातो, त्याच्या शेवटच्या वर्षातली ही गोष्ट.

वेस्ट व्हर्जिनियाहून आलेल्या नव्या प्रशिक्षकाचा खेळ पसरट: क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चढाई चालवणारा, बचावातल्या एका माणसाकडे बघून ठरवणार, चेंडू द्यायचा की स्वतः पळायचं. या पद्धतीत लाइनमनला समोरच्याला मागे लोटायचं नसतं. सगळ्यांनी एकाच वेळी बाजूला सरकायचं, शेजारच्या गाळ्यातल्या माणसाच्या बाहेरच्या खांद्यापर्यंत पोहोचायचं, त्याला तिथेच अडकवून एकाने सुटून मागच्या लाइनबॅकरवर जायचं. पहिल्या दोन पावलांत काम फत्ते किंवा चौपट. ३३० पौंडांचा गडी ती पावलं टाकतो, पण उशिरा टाकतो. म्हणून प्रशिक्षकासोबत आलेल्या स्ट्रेंथ कोचने हिवाळाभर पोरांची चरबी उतरवली, काही जुने लाइनमन संघ सोडून गेले, आणि नवी भरती पावणेतीनशे पौंडांच्या, पायात चपळाई असलेल्या मुलांची सुरू झाली. सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा, तीनशेच्या आतला. १३० किलोच्या माणसाला हलका म्हणायचं, हे याच खेळात खपतं.

२००८ चा हंगाम ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) असा गेला. बोल सामन्यांची ३३ वर्षांची अखंड मालिका तुटली, आणि 'चिल्लर लाइन' हे कारण सर्वांच्या तोंडी बसलं. वास्तविक त्या वर्षी क्वार्टरबॅक नवे, धावणारे नवे, लाइन जवळजवळ सगळी नवी. २०१० पर्यंत तीच हलकी लाइन अशी तयार झाली, की तिच्यामागून एका क्वार्टरबॅकने हंगामात १७०२ यार्ड पळून क्वार्टरबॅकांचा विक्रम केला. बुडवलं ते बचावाने. पण प्रशिक्षक गेला तो लाइनचं खापर डोक्यावर घेऊनच.

आणि इथे या प्रकरणातला खरा घोटाळा आहे. वजन नव्हे, संख्या. २०१० च्या भरतीत मिशिगनने ऑफेन्सिव्ह लाइनसाठी जेमतेम एक मुलगा घेतला. तोही दुखापतीमुळे कधी मैदानात उतरू शकला नाही. म्हणजे एक अख्खी तुकडी शून्य. रिसीव्हरांत (पास झेलणाऱ्यांत) असं झालं तर पुढच्या वर्षी दोन जास्त घेऊन भरपाई होते, कारण अठरा वर्षांचा रिसीव्हर पहिल्याच शरद ऋतूत खेळतो. लाइनमनचं तसं नाही. तो येतो तेव्हा हाडापेराने मोठा, पण अंगावर भरलेला नसतो किंवा नको तिथे भरलेला असतो. पहिलं वर्ष रेडशर्ट (सामने न खेळता नुसता सराव), दुसरं बाकावर, तिसऱ्या वर्षी कुठे खांदा धरू लागतो. त्यामुळे २०१० चं भोक २०१० मध्ये दिसलं नाही, २०११ मध्येही नाही. ते २०१३ मध्ये दिसणार होतं. तोवर प्रशिक्षक बदललेला होता.

जानेवारी २०११ मध्ये आलेला नवा प्रशिक्षक पूर्वी मिशिगनमध्येच सहायक होता. त्याने पहिल्या दिवसापासून मोठी लाइन, सरळ धडक, दुसऱ्या बाजूने खेचून आणलेला गार्ड (सेंटरशेजारचा लाइनमन), पुढे वाट मोकळी करणारा फुलबॅक अशी भाषा सुरू केली. चाहत्यांनी याला 'मॅनबॉल' नाव ठेवलं. अर्धं कौतुक, अर्धी टिंगल; कोण कधी कोणत्या अर्थाने म्हणतंय हे त्या आठवड्याच्या निकालावरून ओळखायचं. पहिल्या हंगामात ११-२, वर शुगर बोल जिंकला. क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) दोघांनीही हजार-हजार यार्ड ओलांडले, सेंटरला देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा मान मिळाला. नवा विचार पास झाला, असं सगळ्यांनी ठरवलं. ती लाइन मात्र आदल्या प्रशिक्षकाने वाढवलेली होती आणि सेंटरही तोच, तीनशेच्या आतला.

मोठ्या मुलांची भरती खरोखर झाली. २०१२ मध्ये चार, २०१३ मध्ये सहा, बहुतेक सहा-चार ते सहा-सहा उंचीची, भरतीच्या याद्यांत वरच्या क्रमांकांची. पण २०१३ च्या शरदात लाइन उभी राहिली ती अशी: दोन्ही कडांना पाचव्या वर्षाचे टॅकल, दोघेही पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेलेले, आणि मधल्या तीन जागांवर पोरसवदा मुलं. ज्या वयाची माणसं तिथे हवी होती ती २०१० मध्ये घेतलीच नव्हती. १२ ऑक्टोबरला पेन स्टेटविरुद्ध मुख्य रनिंग बॅक २७ वेळा धावला आणि २७ यार्ड मिळाले. प्रशिक्षकांनी दोन्ही टॅकल एकाच बाजूला उभे करून पाहिले. कोणत्या बाजूने धावणार हे मग वरच्या रांगेत हॉट चॉकलेट पिणाऱ्यालाही कळायचं, समोरच्या बचावाचं तर विचारूच नका. चार ओव्हरटाइमनंतर सामना ४३-४० असा गमावला.

मग ईस्ट लान्सिंग. मिशिगन स्टेटचे दोन लाइनबॅकर सेंटरच्या दोन्ही खांद्यांसमोर येऊन उभे राहायचे. दोघे घुसतील, एक घुसेल, की दोघे मागे सरतील, हे सेंटरने चेंडू मागे देईपर्यंत ओळखायचं आणि शेजारच्या दोघांना ओरडून सांगायचं. सेंटर होता स्कॉलरशिपशिवाय संघात आलेला वॉक-ऑन. त्याच्या डावीकडे नुकताच शाळेतून आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा, उजवीकडे रेडशर्टचं वर्ष संपवून पहिल्यांदाच खेळणारा. तिघांचं वजन भरपूर होतं. पण डावा गार्ड एकाकडे वळला की दुसरा मधल्या फटीतून सुळकन आत, आणि क्वार्टरबॅक आडवा. असे सात सॅक झाले, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडलं.

उणे ४८ हा आकडा लोक फेकतात तेव्हा एक गोष्ट गाळतात. विद्यापीठीय फुटबॉलच्या हिशेबात सॅकमध्ये गेलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये ते पासच्या खात्यात जातात. म्हणजे तोच सामना, तेच फटके, तीच माती, पण व्यावसायिक लीगच्या पद्धतीने मोजलं असतं तर 'धाव' इतकी काळी दिसली नसती आणि 'पास' आणखी वाईट दिसला असता. त्या दिवशी हातघाईत ताकद कमी पडली असं नाही. चेंडू सुटायच्या आधीच्या तीन सेकंदांत समोरचं वाचता आलं नाही. एका आठवड्याने नेब्रास्काविरुद्ध पुन्हा उणे २१. दोन्ही आकडे 'मोठी लाइन धावू शकत नाही' या वाक्याला पुरावा म्हणून वर्षानुवर्षं जोडले गेले. मला तो पुरावा वाटत नाही. कच्चेपणाचं नुकसान एका खात्यात, दोष दुसऱ्याच गोष्टीला, असा तो प्रकार होता.

२०१४ चा हंगाम ५-७, आणि हाही प्रशिक्षक गेला. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या भरतीत लाइनसाठी दोनच मुलं घेतली गेली होती. आधी दोन वर्षांत दहा घेतल्यावर हात आखडला. त्या दोघांतल्या एकाला पहिल्याच वर्षी डाव्या टॅकलला उभं करावं लागलं. म्हणजे एक भोक बुजवताना दुसरं पडलं, आणि ते २०१७ मध्ये उगवलं. मधल्या काळात २०१२-१३ ची ती जाड पोरं वयात आली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या प्रशिक्षकाने, जो स्वतः मिशिगनचा जुना क्वार्टरबॅक, त्यांच्या जिवावर २०१५ आणि २०१६ हे दोन्ही हंगाम १०-३ असे काढले. ईस्ट लान्सिंगला मधोमध उभा असलेला तो वॉक-ऑन सेंटर २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत गेला. ज्याला कोणी मागितलं नव्हतं तोच या सगळ्या भरतीतला सर्वांत खणखणीत नग निघाला.

यानंतरचं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०१८ मध्ये नवा लाइन कोच आला, दरवर्षी ठरावीक संख्येने मुलं घेण्याची शिस्त लागली, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाआधी लाइनमन खेळवायची पाळी येणं कमी झालं. २७ नोव्हेंबर २०२१ ला भुरभुरत्या बर्फात ओहायो स्टेटविरुद्ध मिशिगनने २९७ यार्ड धावून ४२-२७ असं जिंकलं, एकाच बॅकचे पाच टचडाउन. उत्तरार्धात समोरचे बचावपटू कंबरेवर हात ठेवून उभे असलेले दिसत होते. त्या वर्षीचा आणि २०२२ चा, दोन्ही वर्षांचा देशातल्या सर्वोत्तम लाइनला मिळणारा पुरस्कार मिशिगनला गेला. लागोपाठ दोनदा तो आधी कोणाला मिळाला नव्हता. २०२३ चा हंगाम विरोधी संघांच्या इशाऱ्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणाने गाजला, त्यात प्रशिक्षकाचं निलंबनही झालं. पण ८ जानेवारी २०२४ ला अंतिम सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध धावलेले ३०३ यार्ड कोणाची खूण चोरून निघत नाहीत.

फक्त हे सगळं 'घरी वाढवलेल्या' लाइनचं फळ असं जे सांगतात, त्यांनी याद्या पुन्हा बघाव्यात. संघ पहिल्यांदा बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसवणारा नियम २०२१ मध्ये गेला. २०२२ चा सेंटर, त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनमनचा मान मिळवणारा, व्हर्जिनियाहून एका हंगामापुरता आला होता. विजेतेपदाच्या वर्षी सेंटर स्टॅनफर्डचा, डावा टॅकल अ‍ॅरिझोना स्टेटचा. भोक पडलं तर आता तीन वर्षं थांबावं लागत नाही, भरलेल्या अंगाचा, शिकलेला बावीस वर्षांचा गडी दुसऱ्याच्या दारातून आणता येतो. तसा आपलाही जातो. २०२३ ची पाचही जणांची लाइन एकदम संपली, आणि २०२४ मध्ये नव्या लाइनमागून मिशिगनचा हंगाम ८-५ झाला.

सर्वोत्तम लाइनचा २०२४ चा पुरस्कार आर्मीला मिळाला. तिथे पदवीनंतर लष्करात अधिकारी व्हायचं असल्याने वजनाचा हिशेब द्यावा लागतो, आणि त्यांची लाइन अजूनही खाली वाकून, पायांत घुसून, त्या जुन्या हलक्या पद्धतीनेच खेळते.