पिंडाचा कावळा आणि मेलेला कावळा

आजीच्या दहाव्याला कावळा शिवेना. पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरलो होतो. समोरच्या उंबरावर चार कावळे बसले होते, पण खाली एकही उतरेना. "धाकटीचं लग्न आम्ही थाटात करू," काकांनी हात जोडून सांगितलं. "घराची वाटणी होऊ देणार नाही." तरी नाही. गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले.

ज्या पक्ष्याकडे आपण असे डोळे लावून बसतो, तो स्वतःच्या भाऊबंदाच्या मरणाला काय करतो? एखादा कावळा तारेला चिकटून मेला, की बघता बघता झाडं काळी होतात आणि कालवा सुरू होतो. तो शोक असतो का?

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी हे तपासलं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कावळ्यांना आधी एका जागी खाण्याची सवय लावली. मग तिथे मुखवटा घातलेला माणूस हातात मेलेला कावळा धरून उभा राहिला. कावळ्यांनी गलका केला. पुढचे काही दिवस ते त्या खाण्याकडे बिचकतच येत. सहा आठवड्यांनी तोच मुखवटा रिकाम्या हातांनी आला, तरी त्यातले बरेच कावळे त्याच्यावर ओरडले. मेलेला कावळा त्यांना सांगत होता, की इथे धोका आहे, हा चेहरा लक्षात ठेवा. त्यांना दुःख होत नाही, असं मात्र यातून ठरत नाही. प्रयोगाने मोजली ती वागणूक.

माणसाच्या मेंदूत थोडं डोकावता येतं. मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सेस ओकॉनर यांनी 2008 साली आई किंवा बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या 23 स्त्रियांचा अभ्यास मांडला. गेलेल्या माणसाचा फोटो पाहताना वेदनेशी निगडित भाग सगळ्यांच्याच मेंदूत जागे झाले. पण ज्यांचं दुःख ओसरतच नव्हतं, त्यांच्या मेंदूत न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्सही जागा झाला. हवंहवंसं काही मिळण्याच्या ओढीशी जोडलेला हा भाग. आठवण जितकी व्याकूळ, तितकी त्याची हालचाल जास्त. माणूस गेल्याचं कळलेलं असतं, तरी मेंदू त्याची वाट बघत राहतो.

म्हणून घाटावरची ती आश्वासनं मला फार मोलाची वाटतात. गेलेल्या माणसाशी उघडपणे, चारचौघांत बोलायला तिथे जागा असते.

त्या दिवशी शेवटी आई पुढे झाली. म्हणाली, "तुमची तुळस मी वाळू देणार नाही." कावळा तेव्हाही आला नाही. पण दहा दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेले काका तिथेच मटकन खाली बसले आणि रडले.