मुळावरच्या गाठी आणि रानाचा बिवड

निपाणीजवळच्या एका काळवट रानात सोयाबीनची भांगलण उरकल्यावर मी एक रोप, न उपटता, खुरप्याने भोवतालची माती मोकळी करून सावकाश बाहेर काढले. उपटले असते तर जे पाहायचे होते तेच तुटून जमिनीत राहिले असते. बादलीतल्या पाण्यात मुळे हलवून माती सुटू दिल्यावर मुख्य मुळाच्या वरच्या भागात शाळूच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून लहान, टणक गाठी दिसू लागल्या. त्यांतली एक नखाने फोडली तेव्हा आतला गर चक्क गुलाबी-तांबूस निघाला. पेरणीला तेव्हा सुमारे ४० दिवस झाले होते.

हा रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा आहे आणि ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातले आहे. गाठीत राहणाऱ्या रायझोबियम वर्गातल्या जिवाणूंपुढे एक विचित्र पेच असतो. हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडणारे नायट्रोजनेज हे त्यांचे विकर (एन्झाइम) प्राणवायूच्या संपर्काने निकामी होते; पण ते चालवण्यासाठी लागणारी भरमसाट ऊर्जा मिळवायची तर जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन हा प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूंपर्यंत मोजून-मापून पोहोचवते. म्हणूनच गाठ आतून गुलाबी असेल तर तिच्यात काम चालू आहे असे समजावे. आतून पांढरट राहिलेली गाठ नुसती बसून खाणारी असते, आणि हिरवट झालेल्या गाठीचे काम संपलेले असते.

हवेत नत्राचे प्रमाण ७८ टक्के आहे. एक एकर रानाच्या डोक्यावर जो हवेचा थर आहे, त्यातला नत्रच सुमारे ३० हजार टन भरेल. तरीही पीक नत्राविना पिवळे पडते, कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात आणि तो बंध तोडण्याचे साधन कोणत्याही वनस्पतीकडे नाही. युरियाच्या कारखान्यात हा बंध तोडून अमोनिया करण्यासाठी ४०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान आणि हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. जिवाणू तेच काम पावसाळ्यातल्या ओल्या मातीच्या साध्या तापमानात करतात. हे मला आजही थक्क करणारे वाटते.

हे काम मात्र फुकट होत नाही. नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला ऊर्जेचे चलन असलेले एटीपीचे किमान १६ रेणू खर्चावे लागतात, आणि त्यासाठी लागणारी साखर पानांतून मुळांकडे पाठवावी लागते. हा व्यवहार झाडच सुरू करते. मुळांतून फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्ये मातीत झिरपतात, ती ओळखणारे जिवाणू उलट रासायनिक संदेश पाठवतात, मग मुळावरचा केसासारखा तंतू वळतो आणि त्याच्या आतून वाट काढत जिवाणू मुळात शिरतात. भुईमुगात मात्र ते उपमुळे फुटताना पडणाऱ्या फटींतून शिरतात. जमिनीत नत्र आयता मिळत असेल तर झाड हा खर्च करत नाही. सोयाबीन पिवळसर दिसले की घाईने युरिया टाकला जातो, आणि गाठी धरण्याच्या ऐन वेळी ती क्रिया मंदावते.

या गाठींचे कोडे १८८० च्या दशकात उलगडले. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी शेंगवर्गीय पिके गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र वापरतात हे दाखवले, आणि १८८८ मध्ये बेयेरिंक या डच शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढून वाढवले. आपल्या भागात मात्र 'भुईमुगाचा बिवड', 'हरभऱ्याचा बिवड' हे शब्द जुने आहेत. बिवड म्हणजे आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेला कस. पुढचे पीक जोमाने येईल की नाही, हे आधी त्या रानात काय होते यावरून शेतकरी सांगत आला आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूच्या शिवारांत भाताच्या कापणीनंतर ओलीवर मसूर पेरतात, तीही याच जाणिवेतून.

बिवडाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सोयाबीनच्या दाण्यात जवळजवळ ४० टक्के प्रथिने असतात, म्हणजेच गाठींनी मिळवलेल्या नत्राचा मोठा भाग पोत्यांतून बाजारात जातो. रानाला मिळतो तो झडलेल्या पानांतला, मुळांतला आणि कुजलेल्या गाठींतला नत्र. भुईमुगाचे वेल जनावरांनी खाल्ले आणि शेण त्याच रानात परतले तर बिवड टिकतो; काड पेटवले तर त्यातला बहुतेक नत्र धुरासोबत निघून जातो. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यापूर्वी गाडला तर सगळाच नत्र जमिनीत राहतो.

जिवाणू सगळ्या पिकांना एकच चालत नाही. मसूर आणि वाटाणा यांचा जिवाणू सामाईक आहे, हरभऱ्याचा वेगळा, सोयाबीनचा आणखी वेगळा. सोयाबीन हे आपल्याकडे अलीकडे आलेले पीक आहे; ज्या रानात ते कधीच नव्हते तिथे त्याचा जिवाणूही सहसा नसतो. अशा रानात बियाण्याला जिवाणू-संवर्धक, म्हणजे हे जिवाणू असलेली पाकिटातली पूड, चोळणे सर्वांत जास्त फायद्याचे. गुळाच्या थंड पाण्यात ही पूड कालवून ती बियाण्यावर हलक्या हाताने चोळावी, बियाणे सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. एका वर्षी मी उन्हाळाभर पत्र्याखाली तापलेले पाकीट दुकानातून आणले होते. त्या पट्ट्यातल्या रोपांना मोजक्याच गाठी आल्या. पाकिटात जिवंत जीव असतात, म्हणून तारीख आणि साठवण दोन्ही पाहावीत.

खानापूरच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत वेगळी अडचण येते. नायट्रोजनेजच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असते, आणि आम्लधर्मी मातीत मॉलिब्डेनम मुळांना कमी मिळते. तिथे माती तपासून चुना दिल्यास गाठींचे काम सुधारू शकते.

उसाला अशा गाठी येत नाहीत. त्याच्या मुळांभोवती ॲझोस्पिरिलम नावाचा, हवेतला नत्र पकडणारा जिवाणू राहतो, आणि १९८८ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी उसाच्या आतच राहून नत्र स्थिर करणाऱ्या एका जिवाणूची नोंद केली. पण हे जिवाणू झाडाशी सैल नात्याने बांधलेले असल्याने ते उसाची सगळी गरज भागवतील असे मानू नये. त्यांच्या भरवशावर युरिया एकदम बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. उसाच्या सऱ्यांच्या बगलेत सोयाबीन किंवा भुईमूग घेणे मला अधिक खात्रीचे वाटते.

गाठी पाहायच्या तर फुलोऱ्याच्या सुमारास, वापशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, रानातल्या चार-पाच ठिकाणची रोपे खणून पाहावीत. शेंगा भरू लागल्यावर झाड साखर दाण्यांकडे वळवते, गाठी आतून हिरवट-तपकिरी होतात, आणि त्यानंतर खणलेले रोप त्या हंगामात किती काम झाले ते नीट सांगत नाही.