जणू काही, पण भूतकाळात

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो : सबजंक्टिव्ह (इच्छा, कल्पना वगैरेंसाठीचं क्रियापदाचं वेगळं रूप) म्हणजे शंका. तो निम्माच खरा आहे. ‘पाऊस पडतोय असं वाटतंय’ यात शंका आहेच, तरी स्पॅनिशमध्ये ‘पारेसे के एस्ता योबिएन्दो’ हे साध्या विधानाचं रूपच येतं. पण ‘जणू’ आलं, म्हणजे ‘कोमो सी’ आलं, की क्रियापद बदलतं. ‘आब्ला कोमो सी फुएरा रिको’ : तो असा बोलतो, जणू श्रीमंतच आहे. बोलणं आत्ताचं, श्रीमंतीही आत्ताचीच, पण ‘फुएरा’ हे रूप भूतकाळी सबजंक्टिव्हचं.

इथे भूतकाळ वेळ सांगत नाही, तो वास्तवापासूनचं अंतर दाखवतो. मुख्य क्रियापद भूतकाळात नेऊन ‘आब्लाबा’, म्हणजे ‘बोलत होता’, असं केलं तरी ‘फुएरा’ तसंच राहतं. खरोखर आधी घडल्यासारखं काही सांगायचं असेल, तर आणखी एक पायरी मागे जावं लागतं : ‘कोमो सी उबिएरा बिस्तो उन फान्तास्मा’, जणू भूत पाहिलं असावं. मराठीही हे करते. ‘तू आत्ता इथे असतास तर किती बरं झालं असतं’ यातलं ‘झालं’ पाहा. ‘जणू’नंतर मात्र आपण बिनदिक्कत ‘जणू सगळं त्यालाच कळतं’ म्हणतो. स्पॅनिशला ते चालत नाही.

मला सर्वात मोह पडतो तो या रूपाच्या इतिहासाचा. लॅटिनमध्ये ‘अमावेरात’ म्हणजे ‘त्याने प्रेम केलं होतं’, सरळ घडून गेलेली गोष्ट. त्याचं झिजून ‘अमारा’ झालं. मध्ययुगीन स्पॅनिशमध्येही त्याचा हा जुना अर्थ होता. ‘जर-तर’च्या वाक्यांत वावरता वावरता ते सबजंक्टिव्ह झालं. गॅलिशियन आणि पोर्तुगीजमध्ये जुना अर्थ अजून टिकून आहे. लॅटिन सबजंक्टिव्ह ‘अमाविसेत’पासून आलेलं ‘अमासे’ही स्पॅनिशमध्ये आहे. म्हणून आज ‘फुएरा’ आणि ‘फुएसे’ दोन्ही चालतात. बोलण्यात पहिलं जास्त.

रूप बनवणं सोपं आहे. साध्या भूतकाळाचं अनेकवचनी ‘ते’चं रूप घ्या, शेवटचं ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा : तुबिएरोन, तुबिएरा. याला एकही अपवाद नाही.

या व्याकरणावरून ‘स्पॅनिश माणसं स्वप्नाळू’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. फ्रेंच लोक ‘कोम सी’नंतर साधा अपूर्ण भूतकाळच वापरतात, आणि कल्पना तेही करतातच.