जास्वंदीवरचा तोतया

परसातल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण (मिलीबग, झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) चढला होता. शेजारच्या काकूंनी कुंपणावरूनच निकाल दिला, "फवारून टाक ना बाई, काय पाहून राहिली?" पंप भरूनही झाला होता. तेवढ्यात त्या पांढऱ्या गर्दीतला एक 'ढेकूण' तुरुतुरु चालत पानाखाली गेला.

पिठ्या ढेकूण असा पळत नाही. त्याची वाढलेली मादी ३-४ मिमीची, सोंड खुपसून रस ओढत बसलेली. हा गडी तिच्या दुपटीहून मोठा. अंगावरच्या मेणाच्या झालरी लांब नि विस्कटलेल्या, जुन्या गोधडीचे दोरे निघावेत तशा. भिंग धरलं, तर जबड्यात एक पिल्लू ढेकूण! म्हणजे ही ढालकिड्याची, आपल्या लेडीबर्डची, अळी.

ढेकणांचा गोड चिकटा चाटायला मुंग्या येतात आणि त्यांची राखणही करतात. अंगावर मेण असलं की मुंग्यांच्या चाव्यापासून अळीचा बराच बचाव होतो.

आता कोणता ढालकिडा? स्किम्नस या छोट्या ढालकिड्यांच्या अळ्याही पांढऱ्याच असतात, पण आकाराने बऱ्याच लहान. खात्रीसाठी फांदी कापून बरणीत ठेवली, तोंडाला मलमल बांधली. अळीने शेवटच्या कातडीतच कोष केला आणि काही दिवसांनी भुंगेरा बाहेर आला. जेमतेम ४ मिमी, पंख काळपट तपकिरी, डोकं, छाती नि पंखांचं टोक नारिंगी. ठिपका एकही नाही. (ठिपक्यांवर जाऊच नये. वांग्याच्या पानांची चाळणी करणारा २८ ठिपक्यांचा भुंगेराही याच कुटुंबातला.)

हा क्रिप्टोलिमस, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवलेकिडीसाठी त्याला भारतात आणलं. त्या कामात त्याचं मन रमलं नाही, पिठ्या ढेकणावर मात्र तुटून पडला. आज प्रयोगशाळेत वाढवून तो द्राक्षाच्या, संत्र्या-मोसंबीच्या बागांत सोडतात.

नर-मादी ओळखायची खूण पुढच्या पायांत. नराचे नारिंगी-पिवळसर, मादीचे काळपट. माझ्या बरणीतल्या भुंगेऱ्याचे पाय काळे होते. ही अंडी घालते तीसुद्धा ढेकणांच्या कापसासारख्या अंडपुंजक्यांत. मलमल सोडून तिला जास्वंदीवर ठेवलं आणि पंप नळाखाली धुऊन टाकला. काकूंच्या सीताफळावरही पिठ्या आहे म्हणे.